उम्झिन्याथी : मागास, की मागे ठेवलेला?

कोणत्याही जिल्ह्याची ओळख करून घ्यायची म्हणजे आपण प्रथम क्षेत्रफळ पाहतो, मग लोकसंख्या, मग पाऊस, पिके आणि साक्षरता. शालेय भूगोलाने लावलेली ही सवय पदवीच्या वर्गात आल्यावरही सुटत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातील उम्झिन्याथी या जिल्ह्याची अशी ओळख चार ओळींत आटोपते. क्षेत्रफळ सुमारे ८,५८९ चौरस किलोमीटर. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे ५,१०,८३८. आपल्या तालुक्यांसारखे चार विभाग : एन्दुमेनी, न्कुथू, म्सिंगा आणि उम्व्होती. मुख्य ठिकाण डंडी. वस्ती बहुतांशी ग्रामीण, भाषा बहुतांशी झुलू, आर्थिक स्थिती मागास. संपली ओळख.

या चार ओळींत खोटे काहीच नाही. माझी तक्रार निराळी आहे. ग्रामीण, झुलुभाषिक आणि मागास हे तीन शब्द एका ओळीत शेजारी शेजारी बसवले, की वाचणाऱ्याच्या मनात ते नकळत एकमेकांची कारणे होऊन बसतात. खेडी आहेत म्हणून मागास. झुलू बोलतात म्हणून खेड्यात राहिले. मागास आहेत म्हणून झुलूच बोलत राहिले. जसा पाऊस, जशी माती, तसेच हे दारिद्र्यही त्या भूमीचा एक गुणधर्म ठरते. वस्तुतः या जिल्ह्याचे मागासपण आकाशातून पडलेले नाही. ते कायदे करून, हद्दी आखून, माणसे मोजून घडवले गेले, आणि ज्या कागदांनी ते घडवले त्यांच्या तारखा आज कोणालाही पाहता येतात. त्या तारखा जोडीला ठेवल्याशिवाय वरच्या चार ओळी वाचू नयेत, असे माझे मत आहे.

प्रथम नावच पाहा. उम्झिन्याथी हे एका नदीचे नाव. अर्थ रानरेड्यांचे घर. इंग्रजांनी तिचे नुसते 'बफेलो' केले. ही नदी दक्षिणेकडे वाहत जाऊन थुकेला या मोठ्या नदीला मिळते. तिलाच नकाशात तुगेला म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला उम्झिन्याथी ही सरहद्द होती. एका तीरावर ब्रिटिशांची नाताळ वसाहत, दुसऱ्या तीरावर झुलू राजाचे राज्य. (जाता जाता : नाताळ हे नाव आणि आपण नाताळचा सण म्हणतो तो शब्द, दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दापासून आले आहेत. वास्को द गामा कालिकतला येण्यापूर्वी, १४९७ च्या ख्रिस्तजन्माच्या सुमारास या किनाऱ्यावरून गेला, म्हणून किनाऱ्याचे ते नाव.) आजचा जिल्हा डिसेंबर २००० मध्ये नवी स्थानिक शासनव्यवस्था आली तेव्हा अस्तित्वात आला आणि त्याने नदीचे दोन्ही काठ पोटात घेतले. म्हणजे जी रेषा दोन राज्यांना तोडत होती, तिचेच नाव आता त्यांना जोडणाऱ्या जिल्ह्याला आहे. न्कुथू झुलू राज्याच्या बाजूचा, म्सिंगा मुख्यतः नाताळच्या बाजूचा. ही गोष्ट लक्षात ठेवली नाही, तर पुढचे काहीच कळत नाही.

जगाला हा मुलूख ठाऊक आहे तो एका दिवसामुळे. २२ जानेवारी १८७९ रोजी न्कुथू भागातील इसांडल्वाना या टेकडीच्या पायथ्याशी सुमारे वीस हजार झुलू योद्ध्यांनी ब्रिटिश छावणीवर हल्ला केला आणि ब्रिटिशांच्या बाजूचे तेराशेहून अधिक लोक मारले. त्याच दुपारी व रात्री नदीकाठच्या रोर्क्स ड्रिफ्ट येथे दीडशेच्या आसपास सैनिकांनी एक ठाणे राखले. पहिली घटना साम्राज्याच्या मानहानीची, दुसरी दिलाशाची. मग साम्राज्याने काय करावे? दुसरीसाठी अकरा व्हिक्टोरिया क्रॉस वाटले. १९६४ साली 'झुलू' नावाचा चित्रपट निघाला तोही दुसऱ्याच घटनेवर, आणि त्याचे चित्रीकरण या जिल्ह्यात झालेच नाही. ते दूर ड्रॅकेन्सबर्ग पर्वताच्या पायथ्याशी झाले. इसांडल्वानाच्या माळावर पडलेल्या ब्रिटिशांची स्मारके कधीच उभी राहिली होती. ज्यांनी ती लढाई जिंकली त्या झुलू योद्ध्यांचे स्मारक तेथे उभे राहायला १९९९ साल उजाडावे लागले.

पण या लढाईतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट चित्रपटात येत नाही, आणि स्वाभिमानाच्या भाषणांतही येत नाही. त्या दिवशी ब्रिटिश छावणीत मेलेले सगळे गोरे नव्हते. नाताळच्या बाजूच्या आफ्रिकी जमातींतून ब्रिटिशांनी पलटणी उभारल्या होत्या. म्सिंगाच्या च्चुनू जमातीचा गाबांगाये हा प्रमुख ब्रिटिशांच्या बाजूने लढताना तेथे मारला गेला. म्हणजे आज ज्या जिल्ह्याला आपण 'बहुतांशी झुलुभाषिक' म्हणून एका शब्दात गुंडाळतो, त्याच्या एका काठाचे पूर्वज दुसऱ्या काठाच्या पूर्वजांवर चालून गेले होते. भाषा एक, पण राजा एक नव्हता. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी झुलू राज्याचे तेरा तुकडे केले, आणि न्कुथूकडचा तुकडा दिला तो ह्लुबी मोलिफे याला. हा झुलूही नव्हता. सोथो भाषकांपैकी त्लोक्वा लोकांचा पुढारी होता आणि ब्रिटिशांच्या घोडदळात होता. निष्ठेचे बक्षीस म्हणून पराभूताची जमीन तिसऱ्यालाच द्यायची, ही युक्ती हिंदुस्थानच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवी वाटू नये.

आता उम्व्होतीकडे वळू. येथील ग्रेटाउनच्या परिसराने दोन माणसे दिली. लुई बोथा १८६२ साली या परिसरातील एका शेतावर जन्मला. बोअर सेनापती म्हणून त्याने नाव मिळवले आणि १९१० साली तो दक्षिण आफ्रिका संघराज्याचा पहिला पंतप्रधान झाला. दुसरा बम्बाथा, म्पान्झा खोऱ्यातील झोंडी जमातीचा प्रमुख. १९०५ साली नाताळ सरकारने प्रौढ पुरुषांमागे एक पौंड डोईपट्टी बसवली. झोपडीपट्टी नावाचा कर तर १८४९ पासूनच होता. (हा शब्द वाचून मुंबईची झोपडपट्टी डोळ्यांपुढे आणू नये, झोपडीमागे भरायची ती पट्टी.) करांमागचा हेतू नुसता तिजोरी भरण्याचा नव्हता. कर रोकड नाण्यांत भरायचा, आणि नाणी फक्त गोऱ्यांच्या मळ्यांत किंवा खाणींत मिळत. माणसाला घराबाहेर काढण्याचा याहून सोपा मार्ग कोणता? १९०६ साली बम्बाथाने बंड केले आणि त्याच वर्षी जूनमध्ये मोमे घळीत झालेल्या कत्तलीत ते चिरडले गेले. तीन ते चार हजार आफ्रिकी माणसे मेली. गोरे मेले ते काही डझन.

दक्षिण आफ्रिका आपल्या पाठ्यपुस्तकात येते ती गांधीजींच्या मागोमाग. या बंडाच्या वेळी गांधीजी तेथेच होते, हे मात्र आपण घाईने वाचून पुढे जातो. नाताळ सरकारच्या बाजूने हिंदी लोकांचे एक छोटे शुश्रूषा पथक घेऊन ते शेजारच्या मापुमुलो भागात गेले. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला आले ते फटक्यांनी पाठी सोलून निघालेल्या झुलूंची सेवा करण्याचे काम, कारण गोऱ्या परिचारकांना ते नको होते. हे युद्ध नसून माणसांची शिकार आहे, असे आपल्याला तेथे वाटले, हे त्यांनी आत्मकथेत स्वच्छपणे लिहून ठेवले आहे. मी हे दोष काढण्यासाठी सांगत नाही. आपण हिंदी लोक तेथे कोठे उभे होतो, हे कळावे म्हणून सांगतो.

आणि कोठे उभे होतो ते १९१३ साली आणखी स्पष्ट होते. आदल्या वर्षी नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले होते. करार संपलेल्या हिंदी मजुरांवर लादलेला तीन पौंडांचा वार्षिक कर रद्द करावा म्हणून ते प्रिटोरियात बोथा आणि स्मट्स यांना भेटले. कर रद्द होणार अशी त्यांची समजूत करून देण्यात आली. कर राहिला. मग १९१३ च्या ऑक्टोबरात नाताळच्या उत्तरेकडील कोळसाखाणींत हिंदी मजुरांचा संप सुरू झाला. न्यूकॅसलला ठिणगी पडली आणि डंडीच्या खाणी त्यात ओढल्या गेल्या. गांधीजींना अटक होऊन ११ नोव्हेंबर १९१३ रोजी डंडीच्या न्यायालयात नऊ महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. उम्झिन्याथी जिल्ह्याचे आजचे मुख्य ठिकाण ते हेच डंडी. १९१४ साली कर गेला. आपल्या पुस्तकात प्रकरण येथे विजयाने संपते.

पण त्याच १९१३ साली, त्याच बोथाच्या सरकारने, जून महिन्यात आणखी एक कायदा केला होता. नेटिव्ह लँड अॅक्ट. त्याने राखीव क्षेत्राबाहेर आफ्रिकी माणसाला जमीन विकत घेण्यास आणि खंडाने घेण्यासही बंदी केली. राखीव क्षेत्र किती? देशाच्या जमिनीपैकी सुमारे सात टक्के. १९३६ साली ते तेरा टक्क्यांच्या आसपास नेण्याचे ठरले. लोकसंख्येत बहुसंख्य कोण होते ते सांगायला नको. डंडीच्या संपाला या कायद्याशी काही देणेघेणे नव्हते, आणि एकाच खाणीच्या परिसरात राबणारे हिंदी व झुलू मजूर दोन वेगळ्या अन्यायांखाली दोन वेगळ्या रांगांत उभे राहिले. तीन पौंडांचा कर एका वर्षात उठला. जमिनीचा कायदा उठायला १९९१ साल लागले.

उम्झिन्याथीच्या 'मागासपणा'चे मूळ या सात टक्क्यांत आहे. आज जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर उम्व्होतीत ऊस आणि लाकडासाठी लावलेली वने दिसतात, एन्दुमेनीत मोठी शेते आणि कोळशाच्या जुन्या खाणी, आणि लोकवस्ती? २०११ च्या आकड्यांत म्सिंगा १,७७,५७७ आणि न्कुथू १,६५,३०७. दोन्ही मिळून जिल्ह्याचे दोन तृतीयांश लोक. हे दोन विभाग म्हणजे जुनी राखीव क्षेत्रे. म्सिंगा हे काटेरी झुडपांचे, खडकाळ, उन्हाने भाजणारे खोरे आहे. थुकेलाच्या काठी तुगेला फेरी येथे कालव्याखालची थोडी हिरवी पट्टी सोडली तर तेथे भरवशाचे पीक म्हणून काही नाही. माणसे तेथे दाटीने राहतात ती हौसेने नव्हे. १९६९ साली शेजारच्या वीनेन भागातल्या गोऱ्या शेतांवरून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या वेठकरी कुळांना हाकलण्यात आले. घरे जाळण्यात आली, आणि माणसे गुराढोरांसह म्सिंगात येऊन आदळली. असे हाकलणे देशभर चालू होते. १९६० ते १९८३ या काळात पस्तीस लाख माणसे अशी उठवली गेली, असा अंदाज अभ्यासकांनी बांधला.

यानंतर म्सिंगाचे नाव गाजू लागले ते तेथील आपसातल्या लढायांसाठी. वर्तमानपत्रे लिहीत, 'टोळीयुद्ध'. झुलू रक्तच तापट, पुरातन वैरे, वगैरे. ज्या खोऱ्यात चराऊ रान आधीच अपुरे, तेथे आणखी हजारो माणसे आणि त्यांची गुरे कोंबली तर काय होईल, हा साधा प्रश्न विचारायला पुरातन वैराची गरज नाही. नील अॅल्कॉक नावाच्या एका गोऱ्या शेतकऱ्याने हे ओळखले होते. तो म्सिंगाच्या सीमेवर लोकांबरोबर शेतीचे काम करीत होता. १९८३ साली दोन पक्षांत तडजोड घडवून परतताना दबा धरून बसलेल्यांनी त्याला गोळ्या घातल्या.

आता पुरुषांविषयी. वाचक म्हणतील, पोटासाठी माणसे शहरात जातातच, त्यात काय नवल? नवल जाण्यात नाही, परत येण्याच्या सक्तीत आहे. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीत म्सिंगाचा माणूस जाऊ शके, पण बायकामुलांना घेऊन नव्हे. त्याने पास बाळगायचा, पुरुषांच्या वसतिगृहात खाटेवर राहायचे, करार संपला की राखीव क्षेत्रात परतायचे. त्याची पत्नी शहरात सापडली तर ती गुन्हेगार. मजूर हवा, कुटुंब नको. मजुराला मूल असेल, तो आजारी पडेल, म्हातारा होईल. हा सगळा खर्च न्कुथूच्या झोपडीने सोसायचा. म्हणून खाणीला त्याचे वेतन एकट्या जिवापुरते ठेवता येई. पासचा हा जाच १९८६ पर्यंत होता. राखीव क्षेत्रांना पुढे 'स्वयंशासित प्रदेश' असे भारदस्त नाव मिळाले आणि १९७७ साली क्वाझुलूला ते बहालही झाले. नाव बदलल्याने रोजी-रोटीचा प्रश्न सुटल्याचे मात्र ऐकिवात नाही.

न्कुथूच्या स्त्रियांवर १९७५ साली लिझ क्लार्क आणि जेन न्गोबेसे यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'विमेन विदाउट मेन', पुरुषांवाचून बायका. या तीन शब्दांपेक्षा त्या जिल्ह्याचे अधिक नेमके वर्णन मला आढळलेले नाही. पाणी, सरपण, शेत, गुरे, सासू-सासरे, शाळेची फी, आणि वर्षातून एकदा डिसेंबरात येणाऱ्या, दरवर्षी थोडा अधिक खोकणाऱ्या नवऱ्याची वाट. आजही म्सिंगा आणि न्कुथूत निम्म्याहून अधिक घरांची कर्ती बाई आहे. जनगणनेच्या तक्त्यात हा एक रकाना असतो. 'स्त्रीप्रमुख कुटुंबे' म्हणून. तक्ता वाचणारा पुढच्या रकान्याकडे जातो.

त्या खोकल्याकडे मात्र जगाला एकदा थांबून पाहावे लागले. तुगेला फेरी येथे चर्च ऑफ स्कॉटलंड हॉस्पिटल या नावाचे एक जुने ग्रामीण रुग्णालय आहे. २००५-०६ च्या सुमारास तेथे जवळजवळ सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे ५३ रुग्ण आढळले. त्यांतले ५२ मेले. थुंकीचा नमुना घेतल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांचा, निम्म्यांचा तर सोळा दिवसांच्या आतबाहेरचा. ज्यांची एचआयव्हीची तपासणी झाली होती ते सगळे बाधित निघाले. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये हा अहवाल आला आणि म्सिंगाचे नाव पुन्हा एकदा जगाच्या वर्तमानपत्रांत झळकले. इसांडल्वानानंतर सव्वाशे वर्षांनी.

या अहवालातली एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. औषध अर्धवट सोडले की जंतू निबर होतो, हे आपण सगळे ऐकून आहोत. त्यामुळे दोष रुग्णाच्या बेपर्वाईवर टाकणे सोपे जाते. पण या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांनी त्यापूर्वी क्षयाचे औषध कधी घेतलेलेच नव्हते. निबर झालेला जंतूच त्यांना थेट दुसऱ्याकडून मिळाला होता, आणि बहुतेकांना तो रुग्णालयाच्या गर्दीतच मिळाला असावा अशी चिन्हे होती. अडाणी झुलू खेडूत गोळ्या नीट घेत नाही, हे स्पष्टीकरण त्या एका आकड्याने निकालात निघते. क्षय या डोंगरांत आला कोठून, हेही विचारले पाहिजे. सोन्याच्या खाणीतल्या दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की क्षयाला वाट मोकळी होते, हे विसाव्या शतकाच्या आरंभापासून वैद्यकाला माहीत आहे. आजारी पडलेल्या खाणकामगाराला गावी पाठवून देत. या धुळीच्या आजाराबद्दल खाणकंपन्यांनी सुमारे पाचशे कोटी रँडची भरपाई द्यावी अशा तडजोडीला जोहान्सबर्गच्या न्यायालयाने मंजुरी दिली, ती २०१९ साली. तोवर किती डिसेंबर उलटून गेले होते!

येथे मुंबईचा एक धागा येऊन मिळतो, म्हणून दोन ओळी. निबर क्षयावरचे बेडाक्विलिन हे औषध मक्तेदारीमुळे महाग होते. तिच्या भारतातील पेटंटची मुदत लांबवण्याच्या अर्जाला क्षयातून उठलेल्या दोन तरुणींनी हरकत घेतली : मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि केपटाउनजवळच्या खायेलित्शाची फुमेझा टिसिले. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. १९१३ साली दोन रांगांत उभे राहिलेले लोक एकशे दहा वर्षांनी एका अर्जावर सह्या करतात, याची नोंद पाठ्यपुस्तकात होईल की नाही कोण जाणे. या अंकात तरी असावी.

भाषेविषयी थोडे. 'मुख्यतः झुलुभाषिक' हे शब्द उणीव सांगावी तशा सुरात लिहिले जातात. वास्तविक झुलू ही दक्षिण आफ्रिकेत सर्वाधिक घरांत बोलली जाणारी भाषा आहे. २०२२ च्या जनगणनेप्रमाणे जवळजवळ चौथ्या हिश्श्याची. तिच्यात जिभेच्या चटकाऱ्यांनी होणारी तीन व्यंजने आहेत. हळहळताना आपण जो 'च्च्' असा आवाज काढतो ते त्यांतले एक. आपल्यासाठी तो नुसता उद्गार, त्यांच्याकडे ते अक्षर. न्कुथूतला 'क' असाच टाळूवरून सुटणारा, बाटलीचे बूच उघडल्यासारखा; देवनागरीत तो लिहिता येत नाही, तेव्हा येथे लिहिलेला 'क' हा केवळ कामचलाऊ समजावा. अशा भाषेत शिकणारे मूल तिसरीपर्यंत आपल्या भाषेत शिकते आणि चौथीत एकदम इंग्रजी माध्यमात ढकलले जाते, ही तेथील अनेक वर्षांची रीत. गणित कच्चे, विज्ञान कच्चे, असा शेरा मग मुलावर पडतो. गणित आणि विज्ञान चौथीपासून मातृभाषेच्याही आधाराने शिकवण्याची सुरुवात २०२५ साली झाली आहे. गोखले जोहान्सबर्गला गेले तेव्हा तेथील कोकणी मुसलमानांपुढे व थोड्या मराठी मंडळींपुढे त्यांनी मराठीत बोलावे असा हट्ट गांधीजींनी धरला आणि स्वतः हिंदुस्थानीत भाषांतर करायला उभे राहिले. ऐकणाऱ्याला आपल्या भाषेत ऐकू आले पाहिजे हे मूठभर परदेशस्थांच्या बाबतीत १९१२ साली सुचले. स्वतःच्या मुलखातल्या लाखो मुलांसाठी सरकारला सुचायला एवढा वेळ लागला.

तरी या जिल्ह्यात केवळ सोसणेच आहे असे चित्र मी रंगवले तर तेही त्या चार ओळींइतकेच अपुरे ठरेल. ज्या रोर्क्स ड्रिफ्टला लोक अकरा क्रॉसांसाठी जातात, तेथे पेडर आणि उल्ला गोवेनियस या स्वीडिश दांपत्याने १९६० नंतरच्या वर्षांत एक कलाकेंद्र चालवले. स्त्रियांनी मागावर चित्रपट विणले, म्हणजे भिंतीवर लावायचे लोकरीचे. आणि १९६८ ते १९८२ या काळात तेथे ललित कलेची शाळाही होती. वर्णभेदाच्या राज्यात काळ्या विद्यार्थ्याला रीतसर कलाशिक्षण मिळेल अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. अझारिया म्बाथाची लिनोवर कोरलेली बायबलमधली काळी माणसे आणि जॉन मुआफांगेजोची काळ्या-पांढऱ्या रेषांची छापचित्रे याच केंद्रात शिकलेल्या हातांची. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी ती निदान पुस्तकांत तरी पाहावी. चित्रपटापेक्षा मला त्यांची किंमत अधिक वाटते.

शेवटी जमीन. १९९४ साली स्वातंत्र्याची पहिली निवडणूक व्हायला तीन दिवस उरले असताना जुन्या क्वाझुलूची जवळजवळ सगळी जमीन, सुमारे अठ्ठावीस लाख हेक्टर, 'इंगोन्यामा ट्रस्ट' नावाच्या न्यासाकडे देण्यात आली. विश्वस्त एकच : झुलू राजा. न्कुथू आणि म्सिंगातील बहुतेक घरे या जमिनीवर आहेत. परकीयाने लुटलेली जमीन आपल्या राजाकडे आली, यात कोणाला समाधान वाटले तर ते मी समजू शकतो. लोकांनी ती राजाच्या नावाने सांभाळली, हेही खरे. पण घरात राहणाऱ्या बाईजवळ काय असते? वहिवाटीचा परवाना, तोही परंपरेने पुरुषाच्या नावाचा. पुढे न्यासाने हे परवाने मोडून चाळीस वर्षांचे भाडेपट्टे करून घ्यायला सुरुवात केली. वर्षाला भाडे, आणि त्यात दरसाल दहा टक्के वाढ. ज्यांचे पणजोबा त्या जागेत पुरलेले, ते भाडेकरू झाले. ग्रामीण स्त्रियांची संघटना आणि इतर काहीजण न्यायालयात गेले, आणि जून २०२१ मध्ये पीटरमारित्झबर्गच्या उच्च न्यायालयाने हे भाडेपट्टे बेकायदा ठरवून घेतलेले भाडे परत करण्याचा आदेश दिला. म्सिंगात दरम्यान आणखी एक गोष्ट घडत आली आहे, आणि ती कोणत्याही न्यायालयाने घडवलेली नाही. १९९४ नंतर काही जमातींच्या प्रमुखांनी मुले असलेल्या अविवाहित स्त्रियांनाही घरासाठी जागा द्यायला सुरुवात केली. परंपरा म्हणजे दगड असे मानणाऱ्यांनी, मग ते परंपरेच्या बाजूचे असोत की विरुद्ध, याची दखल घ्यावी.

त्या निकालात न्यायालयाने खात्याच्या मंत्र्यावरही ठपका ठेवला. या जमिनींवरच्या लोकांच्या हक्कांची नोंद ठेवण्याची व्यवस्था सरकारने चालवायची होती, ती मोडीत निघू दिली, म्हणून ती पुन्हा उभी करावी असे सांगितले. १८४९ साली याच म्सिंगात झोपड्या मोजल्या गेल्या, १९०५ नंतर डोकी मोजली गेली, पुढे प्रत्येक पुरुषाच्या खिशातला पास तपासला गेला, आणि त्या नोंदींत चूक फारशी होत नसे. कोणती बाई कोणत्या जागेवर किती वर्षे राहते, याची वही मात्र अजून धड लिहिली जायची आहे.